अठरा पूर्ण झाली, पोटगी थांबली?

प्रश्न : २०१५ साली पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात आमचा संमतीने घटस्फोट झाला. मुलगा, मुलगी दोघं माझ्याकडे. दोघांचे मिळून दरमहा ८,००० रुपये ठरले होते. कधी पाच तारखेला, कधी पंचवीसला, पण यायचे. जानेवारीत मुलाला अठरा पूर्ण झाली आणि फेब्रुवारीपासून खात्यात ४,००० च जमा होतात. विचारलं तर व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर आलं, 'तो आता सज्ञान झाला. माझा विषय संपला.' तेव्हा पोराची बारावीची प्रॅक्टिकल चालू होती! आता सीईटी झाली आहे, इंजिनिअरिंगला नंबर लागेल, पण फी वर्षाला लाखाच्या पुढे. मी एका पतसंस्थेत नोकरी करते, हातात २४,००० येतात. मुलगी पंधरा वर्षांची आहे. मुलगा म्हणतो, 'आई, बाबांवर केस नको.' मला काही हक्क उरलाय का, की उगाच हात पसरतेय? निकालपत्राची झेरॉक्स जोडली आहे.
— एक वाचक, सासवड

उत्तर : ताई, झेरॉक्स जोडलीत हे फार बरं केलंत. पुष्कळ जणी नुसती हकीकत लिहून पाठवतात आणि मग मला अंदाजपंचे उत्तर द्यावं लागतं.

तुम्ही (आणि तुमच्या आधीच्या यजमानांनीही) फक्त चौथं कलम वाचलेलं दिसतंय. 'दोन्ही अपत्ये सज्ञान होईपर्यंत दरमहा रु. ८,००० एकत्रित.' आता पान उलटा. सहावं कलम पुसट आहे, मला भिंग घ्यावं लागलं : 'अपत्यांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उभयतांनी निम्मा निम्मा सोसावा.' यात वयाची अट कुठेच नाही. बारावीनंतरची इंजिनिअरिंगची फी उच्च शिक्षणात येत नाही असं म्हणणारा वकील मला भेटायचाय. हे कलम त्यांनी स्वतः सही करून मान्य केलंय आणि ते हुकूमनाम्याचा, म्हणजे कोर्टाच्या निकालाचा भाग आहे. तेव्हा हात पसरण्याचा प्रश्नच येत नाही. ही वसुली आहे.

हे कलम नसतं तर मात्र तुम्हाला इतकं ठणकावून सांगता आलं नसतं. मुलग्यांच्या बाबतीत आपला कायदा अठराव्या वाढदिवसाला हात वर करतो. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं १२५ कलम, म्हणजे १ जुलै २०२४ पासूनचं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम, सज्ञान मुलाला पोटगी देतं ते फक्त शारीरिक वा मानसिक व्यंगामुळे तो स्वतःला पोसू शकत नसेल तर. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यातही मुलगा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतला असेपर्यंतच. एक अपवाद मी दर वेळी कोर्टापुढे ठेवते : कर्नाटकातल्या एका सरकारी नोकराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये अठरावर न थांबता मुलाची पहिली पदवी होईपर्यंत वडिलांना पैसे द्यायला लावले. पण तो त्या प्रकरणापुरता आदेश. सरसकट नियम झाला असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

यात माझीही एक चूक सांगते. वकिलीच्या पहिल्या पाच-सात वर्षांत मीही समझोत्याच्या अटींमध्ये 'सज्ञान होईपर्यंत' एवढंच टाइप करून घ्यायचे, कारण ऑफिसातल्या जुन्या मसुद्यात तसंच होतं. तेव्हा मूल चार वर्षांचं, अठरा कुठे दिसतात! मग एक दिवस त्यातलीच एक आई मुलाच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेशाचे कागद घेऊन दारात उभी राहिली आणि मला तिला 'नाही' म्हणावं लागलं. तेव्हापासून मी 'पहिली पदवी किंवा पदविका हाती येईपर्यंत' असं लिहिते आणि फी, वसतिगृह, पुस्तकं असे वेगवेगळे शब्द घालते.

आता तुमच्या चार हजारांबद्दल. रक्कम 'एकत्रित' आहे आणि 'दोन्ही अपत्ये सज्ञान होईपर्यंत' आहे. धाकटीला अठरा पूर्ण व्हायचीत. म्हणजे एक मोठा झाला म्हणून आपल्या मनाने निम्मे कापायची मुभा त्यांना नाही. कमी करून हवे असतील तर त्यांनी कोर्टात अर्ज करावा. फेब्रुवारीपासूनची दरमहाची ४,००० ची थकबाकी आणि पुढे फीचा निम्मा वाटा, दोन्हींसाठी त्याच न्यायालयात दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज लावता येईल. नोकरी पगारी असेल तर पगारावर जप्तीही मागता येते, आणि पोटगीच्या हुकूमनाम्यात पगाराचा एक तृतीयांशच भाग जप्तीपासून सुरक्षित राहतो. तुमचा हुकूमनामा घटस्फोटातला आहे म्हणून थकबाकीला बारा वर्षांची मुदत आहे. मॅजिस्ट्रेटपुढची पोटगी असती तर वर्षभरात अर्ज करावा लागला असता, हे इतर वाचकांनी ध्यानात ठेवावं.

मुलाची भीती मी समजू शकते. त्याने वडिलांविरुद्ध उभं राहायची गरजच नाही. करार तुमच्या दोघांतला, दरखास्तदार तुम्ही. त्याच्याकडून फक्त कागद घ्या : सीईटीचं गुणपत्रक, प्रवेशाचं पत्र, बोनाफाईड, फीची पावती. आणि कोर्टाआधी एक साधं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा : सहाव्या कलमाची आठवण, फीचा आकडा, त्यांचा निम्मा वाटा परस्पर कॉलेजच्या खात्यात भरण्याची विनंती. पैसे बायकोच्या हातात द्यायला नको असतात म्हणून अडवून धरणारे बाप कॉलेजला मुकाट्याने भरतात, हे मी बऱ्याचदा पाहिलंय. दुसरा निम्मा वाटा तुमचा, हे मात्र पक्कं धरून चाला. शैक्षणिक कर्जाची चौकशी आत्ताच करून ठेवा.

मुलीचं वेगळं आहे. अविवाहित मुलगी स्वतःच्या कमाईतून भागवू शकत नसेल, तर १९५६ च्या त्याच हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या २० व्या कलमाखाली अठरानंतरही तिचा हक्क राहतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केलंय. शिवाय २०१५ च्या आठ हजारांत आज दोन पोरांचं काय होतं? रक्कम वाढवून मिळावी म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या २६ व्या कलमाखाली अर्ज करा, पण मुलगी अज्ञान आहे तोवरच. दोघांच्या उत्पन्नाची प्रतिज्ञापत्रं तेव्हा द्यावी लागतील, तुमच्याही पगाराच्या स्लिपा लागतील.

'माझा विषय संपला' हा मेसेज पुसू नका. आणि वकिलाकडे ही झेरॉक्स नेऊ नका, सहावं कलम कोणाला वाचता येणार नाही. आधी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज देऊन सही-शिक्क्याची प्रत काढून घ्या.