काठिण्यपातळी, कटऑफ आणि कांद्याची आवक

नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात एकच प्रश्न चार ठिकाणी आला आहे: पुढच्या वर्षी जेईई (अभियांत्रिकीची प्रवेश परीक्षा) अवघड येणार का? कॉलेज रोडवरच्या कुठल्याही क्लासच्या पायऱ्यांवर दहा मिनिटं उभी राहिलीस, तर याची दहा उत्तरं मिळतील आणि प्रत्येक जण पुराव्याला कटऑफ, म्हणजे पात्र ठरायला लागणारी किमान रेघ, पुढे करेल. म्हणून आधी कटऑफ वाचायला शिकू.

जेईई मेन या पहिल्या टप्प्यातून आयआयटीसाठीच्या ॲडव्हान्स्डला पात्र ठरण्यासाठी खुल्या गटाला लागलेलं पर्सेंटाइल (शंभरांत किती जण तुझ्या बरोबरीने किंवा मागे) असं आहे: २०२१ मध्ये ८७.९०, २०२२ मध्ये ८८.४१, २०२३ मध्ये ९०.७८, २०२४ मध्ये ९३.२४ आणि २०२५ मध्ये ९३.१०. हे बघून कोणी म्हणतं पेपर सोपे होत चालले, कोणी म्हणतं परीक्षा कठीण होत चालली. दोघांचंही चुकतं, कारण हे गुण नव्हेत. लासलगावात कांद्याचा भाव आवक बघून ठरतो, कांदा तोच असला तरी. इथेही तसंच आहे. ॲडव्हान्स्डला सगळे गट मिळून अडीच लाख विद्यार्थी घेतात. त्यात खुल्या गटाचा वाटा ४०.५ टक्के, म्हणजे १,०१,२५०. २०२२ मध्ये मेनला सुमारे नऊ लाख मुलं बसली होती. नऊ लाखांत लाखभर म्हणजे वरचे अकरा-बारा टक्के, म्हणून रेघ ८८ च्या आसपास पडली. २०२४ मध्ये चौदा लाखांवर बसली. चौदा लाखांत लाखभर म्हणजे वरचे सात टक्के, रेघ ९३ ला. पेपरच्या काठिण्याचा या हिशोबात कुठेच संबंध येत नाही.

शिफ्टचंही तेच. मेन अनेक शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा. पर्सेंटाइल काढताना फक्त तुझ्या शिफ्टमधली मुलं मोजतात: तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी गुण असलेले किती, भागिले शिफ्टमध्ये बसलेले एकूण, गुणिले शंभर. समजा एका शिफ्टला एक लाख मुलं बसली, तर ९९ पर्सेंटाइल म्हणजे तुझ्या पुढे हजार जण. सोप्या शिफ्टमध्ये त्या जागेवर पोचायला गुण जास्त लागतील, अवघड शिफ्टमध्ये कमी, पण पुढे हजारच. त्यामुळे "माझी शिफ्ट अवघड गेली" हे रडगाणं तीनशेपैकी गुणांपुरतं खरं असतं. दशांशाकडे मात्र बारीक लक्ष ठेव. चौदा लाखांच्या गर्दीत ०.१ पर्सेंटाइलचा फरक म्हणजे रँकमध्ये चौदाशेच्या आसपास फरक.

काठिण्य खरोखर बघायचं असेल, तर ॲडव्हान्स्डकडे जा. तिथे सगळ्यांना एकाच दिवशी तेच दोन पेपर असतात आणि कटऑफ सरळ गुणांत असतो. ३६० पैकी खुल्या गटाच्या गुणवत्ता यादीत येण्यासाठी २०२२ मध्ये ५५ गुण लागले, २०२३ मध्ये ८६, २०२४ मध्ये १०९ आणि २०२५ मध्ये ७४. त्याच चार वर्षांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण अनुक्रमे ३१४, ३४१, ३५५, ३३२. वरचं टोक आणि खालची रेघ दोन्ही एकाच दिशेला हलली आहेत, म्हणून २०२२ चा पेपर अवघड आणि २०२४ चा त्यामानाने सोपा होता असं म्हणायला आधार आहे. तरी २०२५ ची घसरण सगळी पेपरच्या खात्यावर टाकू नकोस. त्या वर्षी यादीत ५४,३७८ जण घेतले, आदल्या वर्षी ४८,२४८. यादी लांबली की रेघ आपोआप खाली येते.

२०१८ चं उदाहरण तर वहीत लिहूनच ठेव. ॲडव्हान्स्ड पहिल्यांदाच पूर्णपणे संगणकावर झाली होती आणि कटऑफ आधीच ३५ टक्के ठरवून ठेवला होता. यादीत जेमतेम १८,१३८ नावं आली. मग कटऑफ २५ टक्क्यांवर आणावा लागला आणि यादी ३१,९८० वर गेली. पेपर काढणाऱ्यांचाच अंदाज एवढा हुकतो, तर क्लासच्या पायऱ्यांवरच्या अंदाजाला काय किंमत द्यायची ते तू ठरव.

या आकड्यांत चढ आहे, उतार आहे, क्रम नाही. पुढचा पेपर कसा येईल हे त्यातून निघत नाही. म्हणून तयारी दोन्ही तऱ्हेच्या पेपरची करायची, आणि त्या दोन तयाऱ्या वेगळ्या असतात हे फार थोडी मुलं लक्षात घेतात.

सोप्या पेपरात चुका महाग पडतात. मेनमध्ये येत असलेला प्रश्न चुकला की चार गुण हातचे जातात आणि वर एक कापला जातो, म्हणजे पाचाचा फरक. सगळ्यांचेच गुण वर असतात, वरच्या भागात दाटी असते, आणि त्या पाच गुणांत शेकडो जण तुझ्या पुढे निघून जातात. अवघड पेपरात उलट. तिथे पुढे जातो तो प्रश्न सोडून देता येणारा. मेनला १८० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे एकाला १४४ सेकंद. गणिताच्या एका हट्टी प्रश्नावर आठ मिनिटं घालवलीस, तर रसायनशास्त्राचे झटपट सुटणारे पाच-सहा प्रश्न न वाचताच राहतील, आणि त्यातले तीन तरी तुला येत असतात. दीड मिनिटात पुढची पायरी दिसली नाही तर प्रश्न रिव्ह्यूला टाकून पुढे जायचं. हे घरी घड्याळ लावून अंगवळणी पाडावं लागतं. परीक्षा हॉलमध्ये सुचत नाही.

आता जुन्या पेपरांबद्दल. तू २०२१ ते २०२४ चे पेपर सोडवते आहेस, चांगलं आहे, पण त्यात एक खोच आहे. त्या वर्षांत प्रत्येक विषयात अंकी उत्तराचे दहा प्रश्न असायचे आणि त्यातले कोणतेही पाच सोडवायचे. २०२५ पासून ही निवड गेली. आता पाचच असतात, निवडायला काही नसतं, आणि चुकलं तर एक गुण कापला जातो. जुना पेपर सोडवताना तू दहांतले सोपे पाच उचललेस, तर मिळालेले गुण फुगलेले असतील. म्हणून विभाग ब मधले, म्हणजे अंकी उत्तरांचे, पहिले पाचच घे, कसेही असोत. पर्यायी प्रश्नात आंधळा अंदाजही सरासरीने पाव गुण देतो, आणि दोन पर्याय खात्रीने बाद झाले तर दीड गुण. अंकी प्रश्नात अंदाज म्हणजे जवळजवळ हमखास उणे एक. तिथे कोरं सोडायला शीक.

दुसरी खोच अभ्यासक्रमाची. २०२४ पासून मेनमधून स्टेट्स ऑफ मॅटर, सरफेस केमिस्ट्री, मेटलर्जी, पॉलिमर्स, गणितातलं इंडक्शन, भौतिकीतली कम्युनिकेशन सिस्टीम्स असे धडे गेले. जुन्या पेपरात ते भेटतील. ते प्रश्न खोडून टाक आणि वेळही त्या प्रमाणात कमी कर, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. पण ॲडव्हान्स्डचा अभ्यासक्रम वेगळा छापलेला असतो. वायूंचे नियम आणि सरफेस केमिस्ट्री तिथे आहेत. मेनमधून गेलं म्हणून वही रद्दीत घालू नकोस.

पेपर सोडवून झाला की गुण मोजून थांबू नकोस. एका पानावर पाच रकाने आख: प्रश्न क्रमांक, धडा, लागलेली मिनिटं, काय झालं, कारण. कारणाच्या रकान्यात फक्त चारपैकी एक अक्षर लिहायचं. क म्हणजे कल्पनाच माहीत नव्हती. ह म्हणजे हिशोबात घसरलीस. व म्हणजे प्रश्न नीट वाचला नाहीस. न म्हणजे निवड चुकली, जो सोडायचा त्यात अडकलीस. एक उदाहरण घेऊ. x² − 5|x| + 6 = 0 या समीकरणाला किती वास्तव मुळं? |x| ची किंमत २ किंवा ३, म्हणून x चार: २, −२, ३, −३. उत्तर ४. इथे घाईत २ लिहिणाऱ्या मुलीला वर्गसमीकरण पक्कं येत असतं, तिची नजर त्या दोन उभ्या रेघांवरून घसरलेली असते. तिच्या रकान्यात क लिहून तो धडा पुन्हा करायला बसवलं, तर आठवडा फुकट जाईल. तिथे व हवं. आठ पेपर झाले की त्या रकान्याकडे बघ. व आणि ह जास्त असतील तर तुझं नुकसान सोप्या पेपरात होणार. न जास्त असेल तर अवघड पेपरात. क जास्त असेल तर अजून पेपर सोडवायची वेळ आलेली नाही, धड्यांकडे परत जा.

ॲडव्हान्स्डला एक हिशोब जास्तीचा. एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नात सगळे बरोबर पर्याय निवडले तर +४. काही बरोबर पर्याय राहून गेले, पण निवडलेला एकही चूक नसेल, तर निवडलेल्या प्रत्येकाचा +१. एक जरी चुकीचा निवडला तर −२. समजा अ आणि क बरोबर आहेत याची तुला खात्री आहे, ब नक्की चूक आहे, आणि ड बद्दल शंका आहे. ड सोडलास आणि तो बरोबर निघाला, तर २ गुण. चूक निघाला, तर पूर्ण ४. ड निवडलास आणि बरोबर निघाला तर ४. चूक निघाला तर −२. म्हणजे निवडून फायदा झाला तर दोनचा, तोटा झाला तर सहाचा. ड बरोबर असण्याची शक्यता चारात तीनपेक्षा जास्त वाटत असेल तरच त्याला हात लाव. "बहुतेक असेल" एवढ्यावर नाही. मात्र गुणांची ही रचना त्या दिवशी पेपरच्या सूचनांत वाचून खात्री करून घ्यायची. ॲडव्हान्स्ड प्रश्नांचे प्रकार आणि संख्या बदलत आली आहे, आणि सूचनांवर घातलेली तीन मिनिटं वाया जात नाहीत.

एमएचटी-सीईटी, म्हणजे आपल्या राज्याची प्रवेश परीक्षा, या सगळ्याहून निराळी. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणं हा गुन्हा. भौतिकी-रसायनाच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एकाला ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, आणि प्रत्येकाला दोन गुण. गणिताची वेळ वेगळी असते, रसायनात वाचवलेली मिनिटं तिकडे नेता येत नाहीत. सुमारे ८० टक्के प्रश्न बारावीवर. जेईईची सवय लागलेली मुलं इथे प्रत्येक प्रश्नात डाव शोधत बसतात आणि वेळ संपतो. सीईटीआधी निदान तीन आठवडे फक्त राज्य मंडळाची पुस्तकं आणि ५४ सेकंदांचं घड्याळ.

तुझ्या वेळापत्रकाबद्दल थोडं. मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, बारावीचं प्रॅक्टिकल आणि लेखी त्याच्या पाठोपाठ. एप्रिलचं दुसरं सत्र आहेच, आणि दोन्हींतला चांगला स्कोअर धरतात. म्हणून जानेवारीसाठी बोर्डाची पूर्वपरीक्षा बुडवू नकोस. सकाळची शिफ्ट नऊला सुरू होते आणि फाटक अर्धा तास आधी बंद होतं. सिन्नरहून यायचं तर पहाटेच निघावं लागेल. जानेवारीतली आपल्याकडची थंडी तुला सांगायला नको. आकडलेल्या बोटांनी कच्चं काम करताना ७ चा १ होतो. डिसेंबरपासून दर रविवारी सराव पेपर सकाळी नऊलाच लाव, दुपारच्या उन्हात गच्चीवर बसून नाही. रोजच्या बसमधल्या वेळेत एनसीईआरटीचं इनऑर्गॅनिक वाच. राज्य मंडळाच्या पुस्तकात नसलेल्या बऱ्याच ओळी मेनला तिथूनच येतात, आणि ते वाचायला वही-पेन लागत नाही.

पुढच्या भेटीपर्यंत २०२५ चे कोणतेही दोन शिफ्टचे पेपर वेळ लावून सोडव. येताना उत्तरपत्रिका आणू नकोस, पाच रकान्यांची ती दोन पानं आण. कारणाचा रकाना पेन्सिलीने भर, कारण निम्मी अक्षरं आपण बसून बदलणार आहोत.

तुझे सर