धुळीतले प्रश्न : चिवडा चिखलात

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे, मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. वडिलांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. जुनी एक्सपल्स मोटरसायकल घेऊन ती डर्ट रेसिंगसाठी (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी) तयार केली आणि गेल्या वर्षी दोन ठिकाणी उतरलो. एकदा नोव्हाइस (नवशिक्यांच्या) गटात सहावा आलो, एकदा पहिल्याच हीटमध्ये (फेरीत) पडलो. वडील म्हणतात, पुढचा खर्च तुझा तू बघ. तीसेक कंपन्यांना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. एक जण २५ हजार घेऊन स्पॉन्सर मिळवून देतो म्हणतोय. देऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर : देऊ नकोस. ज्याच्या हातात खरंच प्रायोजक असतो, तो कमिशन प्रायोजकाकडून घेतो. त्या २५ हजारांतून टायर घे, चेन-स्प्रॉकेट घे, उरले तर गुडघ्याचे गार्ड बदल.

आता ईमेलचं. नाशिकच्या सातपूरला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे, त्यामुळे पाऊस सरला की असे मेसेज मलाही येतात. ‘सर, रेसिंग हे माझं स्वप्न आहे, कृपया मदत करावी.’ खाली उडी मारतानाचा फोटो. ही झाली वर्गणी. गणपतीची वर्गणी आपण का देतो? मंडळाची पोरं आपल्याच गल्लीतली असतात, उद्या सकाळी दुधाच्या रांगेत पुन्हा भेटणार असतात. चेन्नईच्या टायर कंपनीत तुझी गल्ली नाही. तिथे तू तीनशेवा मेल आहेस.

मोठ्या कंपन्या मेल वाचून रायडर घेत नाहीत, निकाल बघून घेतात. हरित नोआ आधी सुपरक्रॉसचा (मातीच्या ट्रॅकवरच्या, उड्यांच्या बाइक शर्यतीचा) राष्ट्रीय विजेता झाला, टीव्हीएसच्या पाठबळावर डाकार रॅलीला, म्हणजे वाळवंटातल्या लांब पल्ल्याच्या शर्यतीला गेला आणि २०२४ मध्ये तिथे रॅली-२ (अव्वल गटाच्या खालच्या) गटात पहिला आला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, झगमगाट झाला आणि बऱ्याच पोरांना वाटलं की आता पैसा वाहणार. वाहतो, पण वरच्या मजल्यावर. तुझ्या मजल्यावर सध्या एकच सरळ जिना मला दिसतो : हीरोने २०२२ मध्ये हौशी रायडरांसाठी डर्ट बाइकिंग चॅलेंज सुरू केलं, तेही एक्सपल्सवर. पुन्हा जाहीर झालं तर चुकवू नकोस. आणि एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेचं) लायसन्स काढलं नसशील तर आधी ते काढ, डॉक्टरांच्या दाखल्यासकट. लायसन्स नसलेल्या पोराला मी ब्रेक लायनरसुद्धा देत नाही.

बाकी पैसा तुझ्या घरापासून वीस किलोमीटरच्या आत आहे. तो कसा घालवायचा हे मला चांगलं माहीत आहे, कारण मी घालवलाय.

१९९६ साली मी शोगन मोटरसायकलवर पळायचो. आमच्या चौकातल्या एका चिवडेवाल्याने दोन हजार रुपये दिले. तेव्हा ती रक्कम लहान नव्हती. मी हौसेने त्यांचं भलंमोठं स्टिकर करून मागच्या मडगार्डवर चिकटवलं. आदल्या रात्री ट्रॅकवर टँकरने पाणी मारलेलं. पहिल्या वळणावरच समोरच्या गाड्यांनी मला न्हाऊ घातलं आणि दुसऱ्या लॅपला ते स्टिकर कुठे होतं, हे मलाही सांगता आलं नसतं. चिवडेवाले बायकामुलं, मेहुणा, मेहुण्याची पोरं अशा आठ जणांना घेऊन दोरीपाशी उभे. मी चौथा आलो, वर मान करून भेटायला गेलो. ते एवढंच म्हणाले, “तू चांगला पळलास रे, पण आमचा चिवडा चिखलात गेला.” पुढच्या वर्षी दिले नाहीत. बरोबरच केलं त्यांनी.

शर्यतीत गाडी एकेका हीटला जेमतेम दहा-बारा मिनिटं दिसते, तीही धुळीत. मग पुढची नंबर प्लेट, जर्सीची पाठ, हेल्मेटची बाजू एवढ्याच जागा कामाच्या. पण तुझ्याकडे विकायला खरी जागा आहे ती शर्यतीच्या बाहेर. दसऱ्याला शोरूमसमोर गाड्यांच्या पूजेला रांग लागते ना? तिथे तुझी धुतलेली गाडी, नॉबी (मोठ्या गुठळ्यांच्या) टायरसकट, दोन दिवस उभी कर आणि शेजारी तू जर्सी घालून उभा राहा. पोरं सेल्फी काढतील, बाप गाडीचा हप्ता विचारतील. जत्रेत एखाद्या कृषी सेवा केंद्राच्या स्टॉलपुढे उभी कर. रस्त्यावर चालवत नेऊ नकोस मात्र. लाइट आणि आरसे काढलेली गाडी रस्त्यावर आणलीस तर पहिली पावती पोलिसांची फाटेल. टेम्पो लागेल, आणि टेम्पो हासुद्धा प्रायोजक असू शकतो. माझ्या ओळखीतला एक पोरगा अख्खा सीझन फक्त टेम्पोच्या भाड्यावर तरला. गाडीवर टेम्पोवाल्याचं नाव आणि मोबाइल नंबर, बस्स.

तुझा पहिला प्रायोजक मला इथून दिसतोय : वडिलांच्या गॅरेजला ऑइल देणारा डीलर. तो महिन्यातून एकदा येतोच, तुला ओळखतो, आणि अशा डीलरकडे कंपनीचे प्रमोशनचे थोडेफार पैसे असतात. त्याच्याकडे रोख मागू नकोस. वर्षभराचं इंजिन ऑइल आणि एअर फिल्टरचं ऑइल माग. वस्तू देणं दुकानदाराला सोपं जातं, कारण ती त्याला खरेदीच्या भावात पडते आणि तुला छापील किमतीची वाटते. टायरवाल्याकडे सूट माग, फुकट नको. सूट द्यायला हो म्हणणारा माणूस पुढच्या सीझनला जोडी फुकट देतो. हा माझा अनुभव, दोन्ही बाजूंचा.

पत्र अर्ध्या पानाचं लिही, मराठीत. ‘स्वप्न’ हा शब्द काढून टाक. कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात, कुठल्या गटात उतरणार ते लिही. सहावा आलास ते लिही आणि पडलास तेही लिही, कारण ते त्याला दुसऱ्याकडून कळणारच आहे. नाव कुठे लावणार, त्याची मापं दे. शेवटी एकच मागणी, आकड्यात. ते पत्र घेऊन स्वतः जा, दुपारी जेवणानंतर जा, गर्दीच्या वेळी नको.

कबूल केलेलं कागदावर घे. त्यात एक ओळ हवीच : दुखापत होऊन सीझन बुडाला तर काय. तू दसऱ्याला गाडी उभी करशील, की उरलेलं सामान परत देशील, ते आधीच ठरव. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत धरत नाहीत, हेही वडिलांना आत्ताच सांग, पडल्यावर नको. आणि रक्कम मोठी झाली, एखादी कंपनी जाहिरात म्हणून ३० हजारांवर एकरकमी द्यायला लागली, तर ती एक टक्का टीडीएस (आगाऊ कर) कापेल. तेव्हा फसवलं म्हणून भांडायला जाऊ नकोस, रिटर्न भर.

शर्यत झाली की दोन दिवसांत त्याला फोन कर, निकाल काहीही असो. मी चेन-स्प्रॉकेट दिलेल्या एका पोराने कॉलरबोन मोडून घेतलं. हॉस्पिटलमधून मला व्हॉइस मेसेज : “काका, पडलोय, पण फोटोत तुमचं नाव दिसतंय बघा.” फोटोत गाडी उलटी होती, नावही उलटंच होतं. पुढच्या वर्षी मी त्याला क्लच प्लेटांचा सेटही दिला.

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीत लेखा विभागात आहे. भाचा मोटोक्रॉस (मातीतल्या ट्रॅकवरच्या बाइक शर्यती) करतो. आमच्या सीएसआरमधून (कंपनीच्या सामाजिक कामाच्या निधीतून) त्याला मदत मिळेल का? एफएमएससीआयला सरकारी मान्यता आहे ना?
— एक वाचक, चाकण

उत्तर : मान्यता आहे, आणि राष्ट्रीय मान्यता असलेल्या खेळांचं प्रशिक्षण सीएसआरच्या यादीत बसतं. पण नियमात दुसरंही लिहिलंय : आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरत नाहीत. म्हणजे भाच्याच्या जर्सीवर कंपनीचा लोगो आला की तो पैसा मार्केटिंगचा. शिवाय साहेबाच्या भाच्याला नाही, तुमच्या भाच्याला दिला म्हणून ऑडिटर कमी प्रश्न विचारेल असं नाही. सरळ मार्केटिंगवाल्यांकडे जा. भाच्यालाच पाठवा, तुम्ही त्या मीटिंगला बसू नका.