अमेरिकेतले ओव्हरडोस मृत्यू: लॉकडाऊन, चेक आणि मेथाडोनच्या बाटल्या

कोरोनाकाळातला लॉकडाऊन आणि सरकारने वाटलेले पैसे यांच्यामुळेच अमेरिकेत अमली पदार्थांच्या ओव्हरडोसचे मृत्यू वाढले का, असं तुम्ही विचारलंय. मी ओहायोत एका मेथाडोन क्लिनिकमध्ये फार्मासिस्ट आहे; मेथाडोन म्हणजे हेरॉइनसारख्या ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या द्रव्यांच्या) व्यसनावर दिलं जाणारं औषध. ती दोन वर्षं डोसच्या खिडकीमागेच काढली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१९ मध्ये ७०,६३० माणसं गेली, २०२० मध्ये ९१,७९९ आणि २०२१ मध्ये १,०६,६९९. त्या शेवटच्या आकड्यात दोन तृतीयांश मृत्यू फेंटानिलसारख्या कृत्रिम ओपिऑइडचे. पण चढ २०१९ च्या उत्तरार्धातच सुरू झाला होता. हेरॉइनची जागा फेंटानिल घेत होतं, त्याला लॉकडाऊन लागला नाही.

पैशांचं म्हणाल, तर हातात रोकड आली की काहींचा तोल जातो, हे खरंच. पण शेवटचा चेक मार्च २०२१ चा, आणि २०२२ मध्ये तरीही १,०७,९४१ गेले. त्याच पैशांतून घरभाडं भरून सावरलेलीही माणसं मी पाहिली आहेत.

एकटेपणाने मात्र घात केला. फेंटानिलने काही मिनिटांत श्वास थांबतो. शेजारी कोणी असेल तर नाकात नॅलोक्सोनचा फवारा मारून माणूस परत आणता येतो. बंद खोलीत ते कोण करणार?

आता मेथाडोनची ती सवलत, जिच्यामुळे मृत्यू वाढतील म्हणून सगळे घाबरले होते. तोवर बहुतेकांना रोज येऊन नर्ससमोर डोस प्यावा लागे. मार्च २०२० मध्ये केंद्राने राज्यांना मुभा दिली: स्थिर रुग्णाला २८ दिवसांपर्यंतचे डोस घरी, कमी स्थिर पण डोस नीट सांभाळू शकणाऱ्यांना १४ दिवसांपर्यंतचे. आमच्याकडे छपरं घालणारा एक जण पहाटे साडेपाचला यायचा, पन्नास मिनिटं गाडी चालवून. त्याला पहिल्यांदा चौदा बाटल्या दिल्या तेव्हा माझेच हात थरथरत होते. त्याने कुलपाची पेटी काउंटरवर उघडली, एकेक बाटली मोजून ठेवली, मग पुन्हा मोजली. चौदा दिवसांनी चौदाही रिकाम्या बाटल्या परत आणल्या, लेबलं शाबूत.

तो एकटाच नव्हता. ओव्हरडोसच्या एकूण मृत्यूंमध्ये मेथाडोन आढळलेल्यांचं प्रमाण २०१९ मध्ये ४.५ टक्के होतं, २०२१ मध्ये ३.२ वर आलं. ब्युप्रेनॉर्फिन हे याच व्यसनावरचं दुसरं औषधही त्याच काळात डॉक्टरांना प्रत्यक्ष न भेटता, फोनवरून सुरू करता येऊ लागलं. मेथाडोनची सवलत २०२४ मध्ये कायम झाली.

माझा राग वेगळ्यावर आहे. परवानगी होती, सक्ती नव्हती. जवळच्याच एका क्लिनिकने जुनी रांग तशीच चालू ठेवली. तिथली एक बाई दम्याचा पंप हातात घेऊन रोज त्या गर्दीत उभी राहायची. एक दिवस तिने जाणंच सोडलं, आणि आमच्याकडे आली तेव्हा पुन्हा फेंटानिलवर होती. तिला आम्ही पहिल्या डोसपासून नव्याने सुरुवात करून दिली.