डोकं दुखत होतं, पण घरी सांगायची सोय नव्हती

"मुलगा हुशार आहे हो, पण या फुटबॉलच्या नादात शिक्षणाचं वाटोळं करून घेईल का?" ह्यूस्टनमध्ये समुपदेशन करताना मराठी आईवडिलांकडून हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. इथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि अंगावर येणाऱ्या धडका. टेक्सासमध्ये शुक्रवारी रात्री शाळांचे सामने असतात आणि अख्खं गाव मैदानावर लोटतं. त्या गर्दीत नाव पुकारलं गेलेल्या पोराला दुसरं काही सुचत नाही, हे मला समजतं. आईवडिलांची धास्तीही समजते.

असंच एक कुटुंब माझ्याकडे आलं, मूळ कोल्हापूरकडचं (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत). मुलगा अकरावीत, 'सेफ्टी' म्हणून खेळणारा, म्हणजे बचावफळीत सगळ्यांत मागे उभा राहणारा. एका लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाने त्याच्यात रस दाखवला आणि घरात वादाला तोंड फुटलं. बाबांचं म्हणणं, खेळ बंद, एसएटीची (कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची) तयारी सुरू. आई दोघांच्या मधे.

पहिल्या भेटीत बाबाच बोलत होते. दुसऱ्या भेटीत मुलगा एकटा आला. बसल्या बसल्या म्हणाला, "काकू, तो पडदा ओढू का?" बाहेर ढगाळ होतं. तरी खिडकीकडे बघताना त्याचे डोळे बारीक होत होते. मी अभ्यासाचा विषय बाजूला ठेवला आणि डोक्याला कधी लागलं ते विचारलं. बराच वेळ गप्प बसून त्याने सांगितलं, सरावात धडक बसली होती, तेव्हापासून डोकं दुखतंय, वाचताना अक्षरं नीट लागत नाहीत. "बाबांना कळलं तर त्यांना कारणच मिळेल."

बाबांना वाटत होतं, खेळामुळे अभ्यास मागे पडतोय. खरं तर मेंदूला मार बसल्याने त्याला वाचताच येत नव्हतं, आणि घरातल्या विरोधामुळे तो ते लपवत होता. मला सगळ्यांत जास्त भीती या लपवण्याची वाटते. पहिली दुखापत भरून येण्याआधी दुसरी धडक बसली तर जिवावर बेतू शकतं. टेक्सासमध्ये 2011 पासून कायदाच आहे की, मेंदूला मार बसल्याची शंका आली की खेळाडूला त्याच दिवशी बाहेर काढायचं आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत घ्यायचं नाही. पण पोराने तोंडच उघडलं नाही तर कायदा काय करणार?

हे मी लपवणार नाही, असं त्याला तिथेच सांगितलं. आईबाबांना बोलावलं, आणि तो बोलायच्या आधी त्यांच्याकडून शब्द घेतला की, आज जे ऐकाल ते खेळ बंद करण्यासाठी वापरायचं नाही, निर्णय डॉक्टरांचा. बाबांना ते जड गेलं, पण त्यांनी शब्द पाळला.

त्यांना मी मायरन रोल या फुटबॉलपटूची गोष्ट सांगितली. जन्म ह्यूस्टनचाच, आईवडील बहामाजहून आलेले, आणि जागासुद्धा सेफ्टीचीच. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात त्याने अडीच वर्षांत पदवी संपवली. नोव्हेंबर 2008 मध्ये ऑक्सफर्डला शिकायला नेणाऱ्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची मुलाखत आणि मेरीलँडविरुद्धचा सामना एकाच दिवशी आले. अलाबामातल्या बर्मिंगहॅमला मुलाखत देऊन तो विमानाने निघाला आणि सामना चालू असताना मैदानात उतरला. पुढे ऑक्सफर्डला गेला, त्यासाठी खेळाचा एक हंगाम सोडला. 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, पार 207 व्या क्रमांकावर निवडला गेला आणि एनएफएलच्या (व्यावसायिक फुटबॉल लीगच्या) नियमित हंगामात एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. नंतर तो वैद्यकीय शिक्षणाकडे वळला, न्यूरोसर्जन झाला.

बाबांचे डोळे 'न्यूरोसर्जन' ऐकून चमकले. मुलाच्या मनात मात्र 207 हा आकडा रुतला. मला दोन्ही हवं होतं. कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी ड्राफ्टपर्यंत पोचणारे शंभरात जेमतेम दोन, हे त्याला ठाऊक असायला हवं. आणि कॉलेज खेळाच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या विभागात खेळायचं तर शाळेत 16 ठरावीक विषय आणि किमान 2.3 जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, म्हणजे अभ्यास सोडून हा रस्ताच नाही, हे बाबांना कळायला हवं. ज्या कॉलेजने विचारणा केली होती ते तिसऱ्या विभागातलं. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पैसे मिळतात ते गुणांवर आणि घरच्या गरजेवर. हे बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला काही आठवडे विश्रांती दिली, मग टप्प्याटप्प्याने सराव. डोकेदुखी उतरल्यावर वाचन आपोआप रुळावर आलं. कॉलेज बघायला बापलेक दोघेच गेले. जाण्याआधी मी मुलाला म्हटलं होतं, पहिल्याच आठवड्यात गुडघा गेला तरी चार वर्षं इथे शिकायला आवडेल का, एवढं बघून ये. तो मैदान बघायच्या आधी मेकॅनिकलची वर्कशॉप बघून आला. बाबांनी प्रशिक्षकाला एकच विचारलं, सामन्याच्या वेळी पोराला बाहेर काढायचा अधिकार कुणाचा, तुमचा की डॉक्टरांचा? उत्तर "डॉक्टरांचा" असं आलं, तेव्हा कुठे त्यांनी अर्जाला होकार दिला.