शंका शेतीच्या : हरभऱ्याला गाठी का धरल्या नाहीत?

प्रश्न : एकरी ३० किलो हरभऱ्याला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतला नत्र धरणारे जिवाणू) लावून पेरणी केली. पेरताना एक पोतं डीएपी, विसाव्या दिवशी एक पोतं युरिया टाकला. पीक हिरवंगार आहे, पण उपटून पाहिलं तर मुळांवर गाठी चार-दोनच. हवेत ७८ टक्के नत्र असताना पिकाला तो का घेता आला नाही?
– एक शेतकरी, बार्शी तालुका, जि. सोलापूर

उत्तर : मुख्य अडथळा युरियाचाच दिसतो. हरभऱ्याला हेक्टरी २५ किलो नत्र आणि ५० किलो स्फुरद लागतं, म्हणजे एकरी १० आणि २० किलो. डीएपीच्या ५० किलोच्या पोत्यातून ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद मिळालं. गरज तिथेच भागली होती. वर ४५ किलो युरियातून आणखी जवळपास २१ किलो नत्र पडला.

हवेतला नत्र कोणत्याच झाडाला स्वतः फोडता येत नाही. त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) जिवाणूकडे असतं. नत्राची चणचण भासली की हरभऱ्याचं मूळ फ्लेव्होनॉइड द्रव्यं सोडतं. त्यांनी रायझोबियमची ‘नॉड’ जनुकं जागी होतात आणि जिवाणू उलट निरोप धाडतो. मग मुळावरची लव वळते, झाडातलं ‘निन’ जनुक चालू होतं आणि गाठ बांधायला सुरुवात होते. जमिनीत नायट्रेट (युरियातल्या नत्राचं जमिनीतलं रूप) मुबलक असलं तर झाडातली ‘एनएलपी’ प्रथिनं पेशीकेंद्रात शिरून निनच्या आड येतात. शिवाय मुळाकडून पानाकडे खूण जाते आणि ‘गाठी पुरे’ असा निरोप खाली येतो. (हे बारकावे मुख्यतः मेडिकागो आणि लोटस या हरभऱ्याच्याच कुळातल्या झाडांवर उलगडले आहेत.) गाठी पोसायला झाडाची बरीच साखर खर्ची पडते, आयता नत्र मिळत असताना झाड तो खर्च टाळतं.

आता युरिया पूर्ण थांबवा. आहेत त्या गाठी ब्लेडने कापून बघा : आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे, पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. काळ्या रानात पाणी साचू देऊ नका. मुळाशी हवा नसली की चांगली गाठही बंद पडते.

पुढच्या वर्षी आधी बुरशीनाशक चोळा, बी सुकू द्या, जिवाणू शेवटी. दोन्ही एकत्र कालवलं तर जिवाणू मरतात. एक लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा, गरम असताना जिवाणूचं पाकीट ओतू नका. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम, म्हणजे तुम्हाला तीन पाकिटं. द्रावण बी ओलसर होण्यापुरतंच घ्या, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. पाकिटावर ‘हरभरा’ लिहिलेलं बघूनच घ्या. तुरीचं रायझोबियम हरभऱ्यावर गाठी धरत नाही.

प्रश्न : मग ज्वारीलाही रायझोबियम चालेल का? – मंगळवेढा

उत्तर : नाही, ज्वारीला गाठी येत नाहीत. तिला अ‍ॅझोटोबॅक्टर लावा, १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम. हा जिवाणू मुळाभोवती मोकळा राहून थोडाच नत्र देतो, म्हणून शिफारशीचं खत एकदम बंद करू नका.