नांदायला यायची केस टाकली म्हणजे परत जावंच लागतं का?

घर सोडून माहेरी आलेल्या बायका माझ्याकडे येतात तेव्हा एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, त्यानं नांदायला यायची केस टाकलीय, आता पोलीस येऊन मला घेऊन जातील का?" उत्तर आधीच देते, नाही नेणार. पण नुसतं नाही म्हणून कुणाची भीती जात नाही हे इतक्या वेळा बघितलंय की एका केसबद्दल नीट लिहायचं ठरवलं. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

ती वडिलांबरोबर आली होती. बोलत होते वडीलच, कोर्टाचा कागद पुन्हा पुन्हा माझ्यासमोर सरकवत होते आणि म्हणत होते की कोर्टानं बोलावलंय म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार ना, चार दिवस जाऊन बघायला काय हरकत आहे. ती खाली मान घालून बसलेली. मारहाण होत होती, मोबाईल रोज तपासला जायचा, एकदा हात फ्रॅक्चर झाल्यावर ती निघून आली. मग तिनं पोटगीचा अर्ज केला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हे समन्स आलं.

हे टायमिंग मला ओळखीचं आहे. बाईनं पोटगी मागितली की समोरून हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, म्हणजे हीच नांदायला यायची केस येते, कारण मग कोर्टात सांगता येतं की मी तर नांदवायला तयार आहे, तीच येत नाही, पोटगी कसली द्यायची. सगळेच असं करतात असं मी म्हणणार नाही, काहींना बायको खरंच परत हवी असते. पण ज्यानं हात मोडला त्याच्याकडून हा कागद आला तर मी तो प्रेमाचा मानत नाही.

वडिलांना आधी एवढंच समजावलं की केस कुणीही टाकू शकतो, समन्स म्हणजे निकाल नाही. कोर्ट बघतं की बायको वेगळी राहतेय त्याला वाजवी कारण आहे का. समजा निकाल विरोधात गेला तरी पोलीस तिला ओढून नेत नाहीत, हुकूम मानला नाही तर कायदा मालमत्तेवर जप्तीपर्यंत जातो, माणसावर नाही. आणि निकालानंतर वर्षभर दोघं एकत्र आलेच नाहीत तर दोघांपैकी कुणालाही त्या मुद्द्यावर घटस्फोट मागता येतो. पोटगीही आपोआप बंद होत नाही, नवऱ्याच्या हातात असा हुकूम असूनही बायकोकडे न जायला पुरेसं कारण असेल तर तिला पोटगी मिळू शकते हे सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलंय. हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसले.

मग मी त्यांना थोडा वेळ बाहेर थांबायला सांगितलं. हे मी नेहमीच करते, आईवडिलांसमोर मुली सगळं बोलत नाहीत.

ती म्हणाली, "मारणं एक वेळ सहन केलं असतं, रात्रीचं नाही होत. पण ते कोर्टात काय सांगणार, तो तर नवऱ्याचा हक्कच असतो ना?"

इथे मला तिला खोटा धीर द्यायचा नव्हता. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, तिच्या कलम ६३ मध्ये बलात्काराची व्याख्या आहे आणि त्यातच जुन्या दंड संहितेतला अपवाद वय वाढवून कायम ठेवलाय, की बायको १८ वर्षांच्या वर असेल तर नवऱ्यानं केलेला संभोग बलात्कार धरला जाणार नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या वर्मा समितीनं २०१३ मध्येच हा अपवाद काढा म्हणून सांगितलं होतं. २०२२ मध्ये दिल्ली हायकोर्टातल्या दोन न्यायाधीशांचं यावर एकमत झालं नाही आणि प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. म्हणजे बलात्काराचा गुन्हा म्हणून तिची तक्रार आज उभी राहत नाही, हे मी तिला सरळ सांगितलं.

पण हक्क? तो शब्द मी तिथल्या तिथे खोडला. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ हा हिंसेचाच प्रकार म्हणून स्पष्ट लिहिलाय, त्यातून नवरा वगळलेला नाही. आणि वेगळं राहायला वाजवी कारण काय, तर हेच कारण. ते लपवून ठेवलं तर कोर्टासमोर फक्त "किरकोळ भांडणं" राहतात.

मला राग येतो तो इथे. एक कायदा म्हणतो लग्नाच्या बायकोच्या नकाराला बलात्काराच्या कलमात जागा नाही, दुसरा म्हणतो त्याच्या घरी जाऊन राहा, आणि वाजवी कारण होतं हे सिद्ध करायचं ओझं जी निघून आली तिच्यावर. कलम ९ कागदावर दोघांना सारखंच आहे, नवऱ्याविरुद्धही वापरता येतं, पण परत गेल्यावर मार कुणी खायचा असतो आणि दिवस कुणाला जाऊ शकतात याचा विचार केला की ती समानता कुठे उरते? १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टानं साधारण याच कारणांसाठी हे कलम घटनाबाह्य ठरवलं होतं, पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं ते वैध म्हटलं. ज्या इंग्लंडमधून ही दाव्याची पद्धत आपल्याकडे आली तिथे ती १९७० मध्ये रद्द झाली. आपल्याकडे २०१९ मध्ये पुन्हा सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलंय. माझं मत विचाराल तर हे कलम जायला हवं आणि बलात्काराच्या व्याख्येतला तो अपवादही.

तिला मी रखमाबाईंबद्दल सांगितलं. लहानपणी लग्न लावून दिलेलं, नवऱ्याकडे जायला नकार दिला म्हणून १८८४ मध्ये नवऱ्यानं, दादाजीनं, मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तो फेटाळला, पण अपिलानंतर १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या, शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, पुढे त्या डॉक्टर झाल्या. तुरुंगाची ती तरतूद १९२३ मध्ये निघाली. "म्हणजे तेव्हा कायद्यात तुरुंग होता आणि आता नाही?" तिनं दोनदा विचारलं. हो, नाही.

मग कामाला लागलो. हात मोडला तेव्हाचे हॉस्पिटलचे पेपर एका मावशीकडे होते ते मागवले, धमक्यांचे मेसेज स्क्रीनशॉट काढून बहिणीलाही पाठवून ठेवले. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाऊन हिंसेचा रिपोर्ट भरला, त्यात रात्रीचंही लिहिलं, तिच्याच शब्दांत, ते लिहिताना ती मध्ये बराच वेळ थांबली आणि कुणी घाई केली नाही. २००५ च्या कायद्याखालचा अर्ज सध्या जिथे राहतो तिथल्या कोर्टात करता येतो म्हणून तो माहेरच्या गावीच केला. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून मोफत मिळाला, त्यासाठी बाईचं उत्पन्न बघत नाहीत. नवऱ्यानं केस त्याच्या शहरात लावली होती, ती इकडे वर्ग करून मिळावी म्हणून हायकोर्टात अर्ज केला आणि तो मंजूर झाला. अंतरिम संरक्षण आदेश मिळाला, फोन आणि घराभोवती घिरट्या थांबल्या.

कलम ९ ची केस अजून चालू आहे. घटस्फोट हवा की नको हे तिनं ठरवलेलं नाही, मीही विचारत नाही, नातेवाईक मात्र रोज विचारतात.

असा कागद तुमच्या घरी आला असेल तर आधी तो वकिलाची नोटीस आहे की कोर्टाचं समन्स हे बघून घ्या. नोटीस असेल तर उत्तर देण्यापूर्वी वकिलाला दाखवा. समन्स असेल तर तारीख चुकवू नका, गैरहजर राहिलं की एकतर्फी निकाल होतो आणि मग तो उलटवत बसावं लागतं. कुणी घरी येऊन धमकावलं तर ११२, बोलायचं असेल, जवळचं सखी केंद्र (हिंसा सोसलेल्या बायकांना मदत करणारं सरकारी केंद्र) शोधायचं असेल तर १८१.