प्रादेशिक अभ्यास विभागाचा कारभार हाती आलाय? आधी पट बघा

तुमची अडचण थोडक्यात अशी: एका मोठ्या अभ्यासक संघटनेच्या प्रादेशिक अभ्यास विभागाचं, म्हणजे जगातल्या एखाद्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या सभासदांच्या गटाचं, चिटणीस-कोषाध्यक्षपद नुकतंच तुमच्याकडे आलंय. आधीच्या मंडळींनी दोन जुनी इतिवृत्तं सोडून काही दिलेलं नाही, आणि येत्या अधिवेशनात विभागाची कामकाज सभा घ्यायची आहे. सुरुवात कुठून करू, असं विचारलंय.

विषयपत्रिका नंतर बघू. सुरुवात सभासदांच्या यादीपासून करा.

विभाग ही स्वतंत्र संस्था नसते. नोंदणी मूळ संघटनेची, बँक खातं तिचं, करार करायचा अधिकारही तिचाच. विभागाची म्हणून जी शिल्लक दाखवतात ती तिच्या वहीतली एक ओळ. विभागाचं वजन ठरतं ते पटावर, म्हणजे सभासदसंख्येवर. अमेरिकन सोशियॉलॉजिकल असोसिएशनमध्ये 30 सप्टेंबरला विभागाचे सभासद किती, यावर पुढच्या अधिवेशनात त्याला किती सत्रं मिळणार ते ठरतं. अमेरिकन पोलिटिकल सायन्स असोसिएशन त्याच्या जोडीला आधीच्या सत्रांना श्रोते किती आले हेही बघते. तुमच्याकडे नियम वेगळा असेल, पण मोजणीची तारीख कुठेतरी लिहिलेली असणारच. ती आजच शोधा. अधिवेशनापेक्षा ती महत्त्वाची.

पट घटतो तो लोक रागावतात म्हणून नव्हे. मुख्य वर्गणी भरताना विभागाच्या चौकटीवर खूण करायची राहून जाते, एवढंच. कार्यालयाकडून गेल्या वर्षीची आणि यंदाची यादी मागवा, शेजारी ठेवा, आणि गळालेल्या प्रत्येकाला नावानिशी दोन ओळी लिहा. सगळ्यांना एकच ईमेल पाठवलात तर तो कोणी वाचत नाही. काही संघटनांत प्राध्यापकांना विद्यार्थ्यांची विभागवर्गणी भेट म्हणून भरता येते. तशी सोय असेल तर तारखेआधी वापरा, त्यात लबाडी काहीच नाही.

आता पैसा. प्रादेशिक विभागाचा पैसा मुख्यतः दोन ठिकाणी जातो: पारितोषिकं आणि प्रवास मदत. पारितोषिकांबद्दल फार सांगत नाही. परीक्षक आपल्याच विद्यार्थ्याच्या पुस्तकाला गुण देत नाहीत ना, आणि त्या प्रदेशातल्या भाषांमधली पुस्तकं पात्र आहेत की फक्त इंग्रजी, हे दोन मुद्दे जाहिरात निघण्याआधी लेखी ठरवा. एशियन स्टडीजच्या संघटनेत कवी-अनुवादक ए. के. रामानुजन यांच्या नावाने दक्षिण आशियाई भाषांमधून झालेल्या अनुवादाला पारितोषिक आहे. म्हणजे मनात आणलं तर त्या भाषांमधल्या कामाची कदर करता येते.

खरी कसोटी प्रवास मदतीची. ज्या प्रदेशाचा अभ्यास करायचा तिथलेच अभ्यासक सभेला नाहीत, अशी वेळ येते. लॅटिन अमेरिकन स्टडीज असोसिएशनच्या 2004च्या लास वेगास अधिवेशनाला क्यूबातल्या अभ्यासकांना अमेरिकेने व्हिसा नाकारले. पुढे 2007चं अधिवेशन बोस्टनला ठरलेलं होतं, ते याच कारणाने मॉन्ट्रियलला हलवलं गेलं. अधिवेशनाची जागा बदलणं विभागाच्या हातात नाही, पण निमंत्रणपत्र लवकर निघेल हे बघणं आहे. मदतीचा निर्णय व्हिसाच्या मुलाखतीच्या तारखेच्या कितीतरी आधी कळायला हवा. दुसरं असं, की बहुतेक कार्यालयं 'आधी खर्च करा, मग पावत्या द्या' म्हणतात. ज्याच्याकडे विमानाच्या तिकिटापुरते पैसे नाहीत त्याला ही मदत म्हणजे पाण्यात पडल्यावर पोहायला शिकवणं. तिकीट कार्यालयानेच काढावं किंवा आगाऊ रक्कम द्यावी, असा ठराव कार्यकारिणीत करून घ्या. कुरकुर होईल, होऊ द्या. सोय म्हणून कोणाच्या खासगी खात्यातून मात्र एक पैसाही फिरवू नका, अगदी चहापानाचासुद्धा.

सभेचं काय? बहुतेकदा ती संध्याकाळी, सगळे दमल्यावर लावलेली असते. वेळ आपल्या एखाद्या मुख्य सत्राला लागूनच मागा, म्हणजे सत्राचे श्रोते तिथेच थांबतात. मागच्या सभेचं इतिवृत्त आणि जमाखर्च आधीच पाठवून ठेवा. सभेत ते वाचत बसलात तर अर्धा वेळ तिथेच गेला. आणि आयत्या वेळच्या विषयांत हमखास कोणीतरी त्या प्रदेशातल्या एखाद्या सरकारचा निषेध करणारा ठराव मांडतं. भावना खरी असते, पण मूळ संघटनेच्या मंजुरीशिवाय जाहीर निवेदन काढायचा अधिकार विभागाला बहुधा नसतोच. ठराव अडवू नका. सूचक-अनुमोदकांची नावं लिहून घ्या, मतं मोजा आणि शिफारस म्हणून वर पाठवा. चर्चा दडपली तर पुढच्या वर्षी अर्धे लोक वर्गणी भरत नाहीत.

निवडणुकीत सगळ्यांची मुदत एकदम संपू देऊ नका. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या प्रत्येक फोरमवर (विभागासारखाच अभ्यासगट) पाच जणांची समिती असते, प्रत्येकाची मुदत पाच वर्षं, आणि दरवर्षी एकच जण बदलतो. त्यामुळे जुनं माहीत असलेले चौघे कायम असतात. तुमच्या वाट्याला जी रिकामी फाइल आली, ती बहुतेक सगळे एकदम उतरल्यामुळेच आली असावी. पोटनियमांतलं मुदतीचं कलम पाठवलंत तर दुरुस्ती कशी मांडायची ते बघून सांगतो. नोटीस किती दिवसांची लागते तेही त्यातच लिहिलेलं असेल.